रीळ सुटलं की ढकललं

आमच्या कागदाच्या गोदामात वजनकाट्यावर एक बाई होत्या. तोंडावर सगळे त्यांना ताई म्हणायचे आणि पाठीमागे भिंगरी. पाठीमागचं नाव त्यांना माहीत होतं आणि त्याचा राग नव्हता. "पायाला भिंगरी आहे तर भिंगरीच म्हणणार," त्या म्हणायच्या, "महाराणी थोडीच म्हणणार आहेत!"

काम खरं तर बैठं. गाडी काट्यावर आली की आकडा बघायचा, पावतीवर लिहायचा, शिक्का मारायचा. पण दोन गाड्यांच्या मधल्या वेळात ताई खुर्चीत सापडल्या तर शपथ. दाराच्या बिजागरीला तेल घाल, गाडीवरच्या ताडपत्रीची गाठ तपास, माझ्या टेबलावरची धूळ पूस, असं चालू. मी गेटवर होतो. चार कॅमेऱ्यांच्या पडद्यासमोर बसणं हे माझं काम, आणि बसण्यात माझा हात धरणारा त्या गोदामात कोणी नव्हता. त्यामुळे आमचं बरं जमायचं. त्या फिरायच्या, मी बघायचो.

त्यांचे यजमान शिंपी. घरातच पुढच्या खोलीत मशीन टाकलेलं. धाकटा दीर आमच्याच गोदामात रिळं लोटायच्या कामावर होता. ताई लग्न होऊन त्या घरात आल्या तेव्हा हा दीर नववीत होता, सासू-सासरे आधीच गेलेले. त्याचा शाळेचा डबा ताईंनीच केला, त्याच्या परीक्षेच्या वेळी जाग्या राहिल्या त्याही ताईच. आता तो बत्तीस वर्षांचा होता, पण त्या त्याला पहिल्या दिवसापासून म्हणत आल्या तसं 'भावजी' आणि 'तुम्ही'च म्हणायच्या. स्वभावाने मात्र दोघं म्हणजे दोन टोकं. त्या घडाघडा बोलणाऱ्या, आणि भावजींच्या तोंडून एक वाक्य बाहेर पडायला दोन कप चहा लागायचा.

आमच्या गोदामाची जमीन अंगणापेक्षा मीटरभर उंच आहे. तिथून अंगणात उतरायला दहा मीटर लांबीचा सिमेंटचा उतार. कागदाचं एक रीळ म्हणजे पुरुषाच्या छातीइतकं उंच, सहाशे किलोंच्या वरचं धूड. एरवी ती फोर्कलिफ्टने खाली जातात. त्या आठवड्यात फोर्कलिफ्ट बिघडली होती, म्हणून रिळं उताराच्या तोंडाशी आणून, खाली लाकडी पाचर मारून उभी करत, आणि मग चौघं मिळून दोरांनी धरून एकेक खाली सोडत.

मंगळवारी सकाळी अकराच्या सुमाराला त्यातलं एक रीळ कोणी धरलेलं नसताना खाली आलं. खाली मुकादम गाडीकडे तोंड करून उभा होता. त्याने आवाज ऐकला, वळला, पण पाय काढता आला नाही. डावी नडगी दोन ठिकाणी मोडली. मी पडद्यावर बघत होतो.

वर उताराच्या तोंडाशी त्या वेळी एकटे भावजी होते. त्यांचं म्हणणं एवढंच, "मी दोर आणायला आत वळलो होतो. रीळ आपोआप सुटलं." आणि सोमवारी संध्याकाळी त्यांचं आणि मुकादमाचं कडाक्याचं भांडण झालेलं अख्ख्या गोदामाने ऐकलं होतं. न बोलणारा माणूस ओरडला की ते लोकांच्या चांगलं लक्षात राहतं. कशावरून भांडण झालं हे कोणालाच नीट माहीत नव्हतं, पण राग होता एवढं पुरलं.

मॅनेजरसाहेब वाईट माणूस नव्हते. शिकलेले इंजिनिअर, आणि प्रत्येक गोष्टीचा पुरावा मागायची सवय. ते माझ्या खोलीत आले. कॅमेऱ्यात उताराचा वरचा अर्धा भाग येत नाही, खालचा अर्धा येतो. मध्यावर पिवळा पट्टा आहे, तळाशी दुसरा. कॅमेरा सेकंदाला पंचवीस चित्रं काढतो. साहेबांनी मला एकेक चित्र पुढे सरकवायला लावलं. वरच्या पट्ट्यापासून खालच्या पट्ट्यापर्यंत यायला रिळाला चाळीस चित्रं लागली.

"आता आपण तपासू," साहेब म्हणाले. "न ढकलता सोडलं तर किती लागतात ते बघू."

दुसरं रीळ सोडून कागद फाडायची त्यांची तयारी नव्हती. गोदामामागे गटाराच्या कामाचे सिमेंटचे पाइप पडले होते. त्यातला एक रिळाइतकाच जाड निघाला. तो ताईंच्या काट्यावर आणला. रीळ सहाशे तीस किलो, पाइप सहाशे वीस. ताईंनीच आकडा लिहिला, शिक्का मारला. तळाशी वाळूची पोती रचली, पाइप वर नेला आणि नुसती पाचर काढून घेतली. कोणी बोटही लावलं नाही. पाइप गडगडत आला, आणि मी चित्रं मोजली. पंचेचाळीस.

पुन्हा केलं. पुन्हा पंचेचाळीस.

"तेवढंच वजन, तेवढीच जाडी, तोच उतार," साहेब हळू आवाजात म्हणाले. "रीळ पाच चित्रं लवकर आलं. म्हणजे वरून येतानाच त्याला वेग होता. बाई, मला वाईट वाटतं. पण त्याला ढकललेलं आहे."

ताई हळूहळू काट्याकडे गेल्या. त्यांना हळू चालताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

भावजींना घरी बसवलं. सोमवारी चौकशीचा कागद वर जाणार आणि पुढे पोलिसांकडे, असं ठरलं. मधे चार दिवस. ते चार दिवस ताईंचे कसे गेले ते मी अर्धं पाहिलं आणि अर्धं त्यांनीच नंतर सांगितलं. काट्यावर गाडी उभी आणि ताई नाहीत, असं कधी झालं नव्हतं, ते बुधवारी दोनदा झालं. एकदा त्या उताराच्या तोंडाशी उभ्या होत्या, एकदा मागे पाइपापाशी. पावतीवर उलटे आकडे लिहिले. डबा उघडला, तसाच बंद केला. घरी बसने जायच्या त्या चालत गेल्या, आणि घराशी पोचल्यावर आत न शिरता आणखी एक फेरी मारून आल्या.

कारण मनात जे होतं ते घरात घेऊन जायचं धाडस नव्हतं. साहेबांचा हिशोब त्यांना चुकीचा वाटत नव्हता. आणि हाच माणूस परवा मुकादमावर ओरडला होता.

गुरुवारी सकाळी त्यांनी विचारलंच. भावजी मागच्या पायरीवर बसून बूट पुसत होते. कामावर जायचं नव्हतं, तरी पुसत होते.

"भावजी, एक विचारू? रागावू नका."

"विचारा."

"तुम्ही ढकललंत का हो? रागाच्या भरात, नकळत... होतं माणसाकडून."

भावजींनी फडकं खाली ठेवलं. वर बघितलं. "बाकी सगळ्यांनी विचारलं तरी चाललं असतं, वहिनी," ते म्हणाले आणि बूट तिथेच ठेवून निघून गेले. दुपारी जेवायला आले नाहीत.

ताई मला म्हणाल्या, "दादा, त्यांनी 'नाही' म्हटलं असतं तर मी विश्वास ठेवला असता. ते म्हणाले नाहीत. आणि आता मला कळत नाही, ते दोषी आहेत म्हणून म्हणाले नाहीत, की मी विचारलं म्हणून." बोलताना त्या माझ्या खोलीत खिडकीपासून दारापर्यंत आणि दारापासून खिडकीपर्यंत चालत होत्या. ती खोली चार पावलांची आहे. मला बघूनच गरगरायला लागलं.

मधेच थांबल्या. खिडकीतून मागचे पाइप दिसत होते.

"दादा, तो पाइप काट्यावर होता ना, तेव्हा मला त्याच्यातून पलीकडची भिंत दिसत होती."

"पोकळच असतो पाइप."

"हो. पण रिळातून भिंत दिसत नाही."

त्या संध्याकाळी घरी त्यांनी यजमानांच्या बटणांचे दोन गोल डबे घेतले. डबे सारखेच. एक बटणांनी ठासून भरलेला, दुसरा रिकामा. कापड कापायच्या फळीचं एक टोक उशीवर टेकवलं आणि दोन्ही डबे शेजारी शेजारी धरून एकदम सोडले. भरलेला पुढे, रिकामा मागे. पुन्हा सोडले. वीस वेळा सोडले असतील. यजमान मशीन थांबवून बघत होते.

"अगं, रिकामा हलका, म्हणून मागे पडतो. त्यात काय एवढं?"

"अहो, पण पाइप हलका नव्हता. मी स्वतः वजन केलंय."

"मग मला काय विचारतेस? मला कापडाचं विचार."

ते बरोबरच होतं. लोखंडाचं लोखंडवाल्याला विचारावं, म्हणून शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत ताई गोदामाशेजारच्या लेथच्या कारखान्यात गेल्या. मलाही ओढून नेलं. तिथे एक म्हातारे टर्नर काका होते. चाळीस वर्षं लोखंड गोल कापण्यात गेलेली. कानाने थोडं कमी ऐकू यायचं, त्यामुळे ते सगळ्यांशी भांडल्यासारखे बोलत. ताईंनी सगळं सांगितलं. काका हसायला लागले.

"वजनाचा इथे काही संबंधच नाही!" ते ओरडले. "थांबा."

भंगारातून त्यांनी एक भरीव सळई, एक लाकडी दांडा आणि नळीचा एक तुकडा काढला. बाहेरून तिन्ही सारख्याच जाडीची. एक लोखंडी पाट तिरपा केला आणि आधी सळई आणि लाकूड सोडलं. सळई लाकडाच्या दसपट जड असेल. दोन्ही बरोबर खाली पोचली. ताईंनी काकांकडे असं पाहिलं, जणू त्यांनी खिशातून कबूतर काढलं.

मग सळई आणि नळी. नळी मागे राहिली.

"का?" ताई म्हणाल्या.

"वरून खाली येताना जी ताकद मिळते ती उंचीची. बरोबर? जेवढी उंची, तेवढीच ताकद. पण घसरत येणाऱ्याला एकच काम, पुढे जायचं. गडगडणाऱ्याला दोन कामं. पुढेही जायचं आणि स्वतःभोवती फिरायचंही. एका भाकरीत दोन तोंडं!"

"मग रिळालाही दोन कामं, पाइपालाही दोन."

"हां, पण वाटा सारखा नाही. ज्याचं वजन मधे, ते फिरवायला सोपं. ज्याचं वजन सगळं कडेला, ते फिरवायला अवघड. हे बघा." त्यांनी जड कडेचं एक जुनं चाक आमच्यापुढे केलं. ताईंनी ते हाताने फिरवायला घेतलं, तर आधी हलेचना. आणि एकदा फिरल्यावर थांबेना. "बघितलंत? कडेचं वजन खातं. भरीव गोल असला की तीनातला एक वाटा फिरण्यात जातो, दोन पुढे जायला उरतात. नुसती कडी असली की निम्मा फिरण्यात, निम्मा पुढे. तुमचा पाइप त्या कडीच्याच जवळचा. म्हणून तो सावकाश येणारच. जड असो, हलका असो, मोठा असो, छोटा असो."

"म्हणजे साहेबांनी चुकीची गोष्ट सोडली."

"साहेबांनी रिळाची चौकशी पाइपाकडे केली," काका म्हणाले. "व्याह्याच्या तब्येतीची चौकशी कोणी विहिणीची नाडी बघून करतं का?"

मला हसू आलं. ताई हसल्या नाहीत. त्यांनी सळई आणि नळी उचलली. "नेऊ का?" विचारलं आणि उत्तराच्या आधी दाराबाहेर होत्या.

साहेबांच्या खोलीत त्यांनी परवानगी मागितली नाही. टेबलावरच्या फायली बाजूला केल्या, त्यातल्याच दोन घेऊन टेबलाच्या पुढच्या पायांखाली सरकवल्या. साहेब "बाई, बाई" म्हणेपर्यंत टेबल तिरपं. चहाचा कप मी पकडला.

"साहेब, बोलू नका, फक्त बघा." सळई आणि नळी सोडली. सळई आधी साहेबांच्या मांडीवर पडली, मग नळी.

साहेबांनी दोन्ही उचलली. नळीतून एका डोळ्याने खिडकीकडे पाहिलं. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

"हे मला परीक्षेत आलं होतं," शेवटी ते म्हणाले. "कॉलेजात. पूर्ण मार्क मिळाले होते."

"मग आता रीळ सोडा, साहेब. खरं रीळ."

शनिवारी सकाळी सोडलं. तळाशी वाळूची पोती दुप्पट रचली. ताई वर गेल्या नाहीत. माझ्या खोलीत पडद्यासमोर उभ्या राहिल्या, पण बघवेना म्हणून पाठ फिरवली, पाठ फिरवूनही राहवेना म्हणून पुन्हा वळल्या. पाचर काढली. रीळ पहिल्यांदा अगदी आळसावल्यासारखं हललं. कॅमेऱ्यात आलं, गेलं, पोत्यांवर धडकलं. मी मागे जाऊन एकेक चित्र मोजायला लागलो आणि ताई माझ्या खांद्यावरून मोठ्याने मोजत होत्या. छत्तीस, सदतीस, अडतीस. मला आठवतं, एकोणचाळीसला त्यांनी माझ्या खुर्चीची पाठ धरली.

एक्केचाळीस. दुसऱ्यांदा चाळीस. तिसऱ्यांदा चाळीस.

साहेबांनी तिथल्या तिथे लिहून दिलं की रिळाला कोणी ढकललेलं नाही, ते जागेवरून आपोआप सुटलेलं आहे. आणि चौकशीत चूक झाली ती त्यांची स्वतःची, असंही लिहिलं. एवढं सगळे साहेब लिहीत नाहीत.

मग प्रश्न उरला, आपोआप का सुटलं. त्याचं उत्तर मुकादमाकडे होतं. ताई दुपारी दवाखान्यात गेल्या. पाय वर टांगलेला, माणूस भिंतीकडे तोंड करून पडलेला. ताईंनी चाळीस चित्रांचं सांगितलं आणि तो रडायला लागला.

"प्रत्येक रिळाला दोन पाचरी मारायच्या असं तुझा दीर म्हणायचा," तो म्हणाला. "पाचरी कमी होत्या. मी म्हटलं, एक पुरते. त्यावरूनच सोमवारी भांडलो आम्ही. त्याने दोन मारल्या होत्या, मंगळवारी सकाळी मीच एक काढून दुसऱ्या रिळाला लावली. उरलेली झिजलेली होती."

"मग चार दिवस गप्प का बसलास?"

"पाय मोडलेल्या माणसाला कोणी काही विचारत नाही, ताई. मीही सांगितलं नाही."

ताई त्याला बरंच काही बोलणार होत्या. सगळं मनात रचून गेल्या होत्या. पण त्याचा पाय बघून उठल्या, त्याच्या उशाशी पाण्याचा तांब्या भरून ठेवला आणि निघून आल्या. त्या मला म्हणाल्या, "चार दिवस मी तरी कुठे त्याच्यापेक्षा बरी वागले?"

भावजी सोमवारी कामावर आले. साहेबांनी सगळ्यांसमोर त्यांची माफी मागितली. ते "बरं" म्हणाले. नव्या पाचरी आल्या, मुकादम तीन महिन्यांनी काठी टेकत आला आणि भावजींनीच त्याला खुर्ची दिली. बाहेरून बघणाऱ्याला सगळं सुरळीत झालं होतं. घरात मात्र, ताई सांगायच्या, भावजी जेवायला वेळेवर बसत, भाजी मागून घेत, 'वहिनी' म्हणत, आणि तरी मधे काहीतरी होतं. भांडण असतं तर मिटवता आलं असतं. ताई कामावरून घरी जाताना पुन्हा ती जास्तीची फेरी मारायला लागल्या.

पावसाळा संपता संपता भावजींना दुसऱ्या गावी एका छापखान्यात काम मिळालं. त्यांनी स्वतःच शोधलं होतं. जायच्या आदल्या दिवशी ताई त्यांची बॅग भरत होत्या. भरलेली बॅग उपसून पुन्हा भरत होत्या.

"वहिनी," भावजी दारातून म्हणाले, "मी खरंच ढकललं असतं, तर तुम्ही हे एवढं केलं असतंत?"

ताईंचे हात थांबले. खोटं बोलणं सोपं होतं, आणि त्या क्षणी कदाचित चाललंही असतं.

"माहीत नाही," त्या म्हणाल्या. "तुमच्यावर विश्वास होता म्हणून नाही केलं मी, भावजी. नव्हता म्हणून केलं. मला ते सहनच होईना. रात्रंदिवस तेच. खरं काय ते कळल्याशिवाय मला घरात पाय ठेवता येईना."

भावजी बराच वेळ उभे राहिले. एवढ्या वेळात दोन कप चहा झाला असता. मग आत आले, बॅगेतला टॉवेल काढला, त्याची नीट घडी केली आणि परत ठेवला.

"मला राग आला होता," ते म्हणाले. "मुकादमाचा. त्या दिवशी ढकलावंसं वाटलं होतं, खरं सांगतो. म्हणून मी तुम्हाला 'नाही' म्हणालो नाही. ढकललं नाही म्हटलं असतं तर ते अर्धंच खरं झालं असतं."

ताई खाली बसल्या. बॅगेच्या शेजारी, जमिनीवर. भावजीही बसले. पुढच्या खोलीत मशीन चालू होतं, त्यामुळे आपण काय बोललो ते यजमानांना कधीच कळलं नाही, असं ताई म्हणतात. आता महिन्याच्या दुसऱ्या रविवारी त्या बसने दिराकडे जातात. सकाळी जातात आणि दुपारी परत येतात, कारण दोन तासांच्या वर त्यांना कुठे राहवत नाही. परवा मी विचारलं, काय बोलता एवढं?

"ते कुठे बोलतात," त्या म्हणाल्या आणि काट्यावर गाडी आली म्हणून धावल्या.